हृदय कमकुवत का झाले? शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांनी विचारायला हवा असा प्रश्न

गेल्या वर्षावासात आम्ही शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पुढच्या एका वस्तीत ग्रंथवाचनाला गेलो होतो. वाचन आटोपले, चहा झाला, आणि एक तरुण प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्याजवळ येऊन बसला. पिशवीत त्याच्या वडिलांचे कागद होते: दोन ईसीजी, एक इकोचा रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी आणि खर्चाचा एक अंदाजपत्रक-कागद. वडिलांचे वय बावन्न. चालले की दम लागतो, पायाला सूज येते. इकोमध्ये लिहिले होते की हृदयाची पंपिंगची ताकद तीस टक्के आहे. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत अडथळा दिसला होता. "दादा, स्टेंट टाकला की बाबा बरे होतील ना?" एवढेच त्याला विचारायचे होते. त्यासाठी घरातली दुभती म्हैस विकायची तयारी झाली होती.

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही त्याला उत्तर दिले नाही, देऊही शकत नव्हतो. पण त्या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न आहे, तो घरात कोणी विचारला नव्हता आणि कागदावरही कुठे दिसत नव्हता: हृदय कमकुवत झाले, ते त्या अडथळ्यामुळेच का? याच प्रश्नावर एका मराठी हृदयरोगतज्ज्ञाने एमआरआयच्या मदतीने महत्त्वाचे संशोधन केले आहे. ते आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना माहीत असावे म्हणून हा लेख.

महाडहून सुरू होणारी गोष्ट

महाड म्हटले की आपल्याला १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. त्याच महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती. विंचवाचे विष अंगात गेले की शरीर बेसुमार ॲड्रेनलिन सोडते, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. मोठी यंत्रे नव्हती. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद करत राहिले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली, आणि त्या भागातले मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांचे हे काम 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे चिरंजीव डॉ. पराग बावस्कर हृदयरोगतज्ज्ञ झाले. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी हृदयाच्या एमआरआयवर काम केले. २०२४ साली 'सर्क्युलेशन' या हृदयविज्ञानातल्या अग्रगण्य नियतकालिकात त्यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्याचे पहिले लेखक तेच आहेत. वडिलांनी यंत्राशिवाय आणि मुलाने सर्वांत महागड्या यंत्रांपैकी एकावर काम केले, पण दोघांच्या कामाचा गाभा एकच: दिसणाऱ्या लक्षणावर थांबू नका, कारण शोधा.

एमआरआय म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरात पाणी भरपूर आहे, आणि पाण्यात हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते. एमआरआयचे यंत्र म्हणजे एक प्रचंड ताकदीचे चुंबक. रुग्णालयात सहसा असते ते १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा साधारण तीस हजार पट शक्तिशाली असते. त्यात माणूस झोपला की ही अणुकेंद्रे चुंबकाच्या दिशेला अनुसरतात. मग रेडिओ लहरी सोडून त्यांना हलवतात, आणि ती परत जागेवर येताना जो संकेत देतात त्यावरून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नसतात. या तंत्राच्या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मेंदू किंवा मणका स्थिर असतो, हृदय सतत धडधडते. म्हणून हृदयाचा एमआरआय काढताना ईसीजीच्या ठोक्याशी यंत्राचा मेळ घालावा लागतो, आणि रुग्णाला मधूनमधून श्वास रोखून धरायला सांगतात. मग शिरेतून गॅडोलिनियम नावाचे औषध देतात आणि दहा-पंधरा मिनिटे थांबतात. निरोगी स्नायूतून हे औषध लवकर निघून जाते. जिथे स्नायू मरून तिथे व्रण झाला आहे, तिथे ते रेंगाळते आणि चित्रात पांढरे दिसते.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉ. रेमंड किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ५० रुग्णांवर हेच तपासले. रक्तपुरवठा पुन्हा सुरू करण्याआधी त्यांनी एमआरआय काढला आणि नंतर पुन्हा पाहिले. ज्या भागात व्रण नव्हता किंवा थोडा होता, तो भाग बहुतेक वेळा पुन्हा नीट आकुंचन पावू लागला. जिथे भिंतीची बरीचशी जाडी व्रणाने व्यापली होती, तिथे सुधारणा क्वचितच झाली. म्हणजे स्नायू झोपला आहे की मेला आहे, हे उपचाराआधी कळू शकते.

करपा आणि कोरड

आता डॉ. पराग बावस्कर यांच्या कामाकडे येऊ. ते समजायला आपल्या भातखाचराचे उदाहरण पुरेसे आहे.

पाटाचे पाणी कमी पडले की कोणते खाचर आधी वाळते? पाटाच्या शेपटाचे. तोंडाशी असलेल्या खाचरांना थोडेफार मिळते, शेवटच्याला मिळत नाही. हृदयाचेही तसेच आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बाहेरच्या बाजूने जातात आणि तिथून आत फाटे देतात. म्हणजे भिंतीचा सर्वांत आतला थर हे शेपटाचे खाचर. वाहिनी बंद झाली तर आतला थर आधी मरतो आणि व्रण आतून बाहेर पसरतो. तोही त्या वाहिनीच्या हद्दीतच.

पण भात पिवळे पडायला पाणीच कमी पडावे लागते असे नाही. करपा पडला तर पाटाच्या तोंडाशी असलेले भातही जळते, आणि ठिपके कुठेही दिसतात. हृदयाच्या स्नायूलाही असे रोग होतात: विषाणूमुळे आलेली सूज, वर्षानुवर्षांची दारू, आनुवंशिक दोष, बाळंतपणाच्या सुमारास येणारा अशक्तपणा, कर्करोगाची काही औषधे. यात व्रण बऱ्याचदा भिंतीच्या मधोमध किंवा बाहेरच्या बाजूला दिसतो, आणि तो कुठल्याही एका वाहिनीची हद्द पाळत नाही. काही वेळा व्रण दिसतही नाही, तरी हृदय ढिले पडलेले असते.

अँजिओग्राफी पाट दाखवते. शेत दाखवत नाही. एमआरआय शेत दाखवतो.

डॉ. बावस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच पाहिले. ज्यांच्या वाहिन्यांत अडथळा होता आणि हृदयाची ताकदही कमी झाली होती, अशा तीन हजारांहून जास्त रुग्णांचे एमआरआय त्यांनी अभ्यासले. अशा रुग्णांत "अडथळा आहे, म्हणून हृदय कमकुवत झाले" असे धरून चालण्याची जगभर पद्धत आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही निघाले. पण साधारण चारांतल्या एकाच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती. काहींच्या हृदयाच्या अशक्तपणाचा त्या अडथळ्याशी संबंधच नव्हता, आणि काहींमध्ये अडथळ्याचा आजार व स्नायूचा स्वतंत्र आजार दोन्ही एकत्र होते. पाटात दगड होता हे खरे, पण शेत करप्याने गेले होते.

यावरून काय समजू नये

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण अर्धवट माहितीने माणूस मरतो. छातीत अचानक जोराची कळ येणे, घाम फुटणे, हात-जबडा-पाठ दुखणे, म्हणजे हार्ट अटॅकची शक्यता असेल, तर तिथे एमआरआयचा विचार करत बसायचे नाही. बंद झालेली वाहिनी लवकरात लवकर उघडणे यातच जीव वाचतो. १०८ ला फोन, जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि पुढे तातडीने मोठे रुग्णालय, हाच मार्ग. या संशोधनाचा आधार घेऊन कोणी स्टेंटला नकार देऊ नये.

हा प्रश्न आहे तो दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचा. ज्यांना आत्ता अटॅक नाही, पण हळूहळू दम वाढत गेला आणि इकोमध्ये हृदय कमकुवत दिसले. ब्रिटनमध्ये अशाच ७०० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. अर्ध्यांना औषधांसोबत स्टेंट दिले, अर्ध्यांना फक्त नीट औषधे. मृत्यू किंवा हृदयाच्या अशक्तपणामुळे रुग्णालयात भरती होणे, यात दोन गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. अशा रुग्णाला स्टेंट द्यावा का, हा निर्णय छातीतल्या वेदना, वाहिनीची जागा असे बरेच काही पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. पण म्हैस विकण्याआधी "साहेब, हृदय कमकुवत होण्याचे कारण हा अडथळाच आहे का? दुसरे काही असू शकते का?" एवढे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

न कळलेला अटॅक

एमआरआयने आणखी एक गोष्ट उघडी केली. आइसलँडमध्ये ६७ ते ९३ वयाच्या ९३६ लोकांचा एमआरआय काढला गेला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली छापून आले. त्यातल्या ९१ जणांना पूर्वी अटॅक आल्याची नोंद होती. पण आणखी १५७ जणांच्या हृदयावर अटॅकचा व्रण सापडला, ज्याची त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना कल्पनाच नव्हती. ईसीजीवर असे फक्त ४६ जण ओळखू आले होते. मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण जास्त होते.

आइसलँड कुठे आणि मुरबाड कुठे, असे वाटेल. पण टोकावड्याच्या बाजूची एक मावशी आमच्या डोळ्यांसमोर आहे. साखरेचा आजार दहा वर्षांचा. लावणीच्या दिवसांत तिला दोन दिवस मळमळ, घाम, जीव घाबरा झाला. "पित्त खवळले" म्हणून घरीच सोडा पाजला, नंतर एका दवाखान्यात गॅसचे इंजेक्शन मिळाले. सहा महिन्यांनी दम लागू लागला तेव्हा तपासणीत कळले की अटॅक येऊन गेला होता. मधुमेहात वेदनेची जाणीव बोथट होऊ शकते, आणि बायकांमध्ये छातीत कळ येण्याऐवजी दम, थकवा, पाठ किंवा जबडा दुखणे अशी लक्षणे बऱ्याचदा पुढे येतात. शिवाय बाईचे दुखणे घरात शेवटी मोजले जाते, हे आपण सगळेच जाणतो.

रक्तातून आलेला दोष

स्नायूच्या आजाराचे एक कारण आनुवंशिक असते, आणि त्यात आपल्या उपखंडाचा खास संबंध आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात एक छोटा तुकडा गळालेला असतो, आणि हा दोष सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळतो. ज्यांच्यात तो असतो त्यांना पुढच्या वयात हृदय कमकुवत होण्याचा धोका जास्त असतो. तो जात-धर्म पाहत नाही. घरात वडील, काका, आत्या अशा दोघा-तिघांना कमी वयात हृदयाचा आजार झाला असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. "आमच्या खानदानात असेच होते", "कोणाची तरी नजर लागली" असे म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. भगताकडे जाणाऱ्या घराला हसून चालणार नाही, त्याला दुसरा रस्ता दाखवावा लागेल.

निदान कोणाच्या वाट्याला येते?

समाजशास्त्रात आम्ही शिकलो की आजार कोणाला होतो हा एक प्रश्न आहे, आणि निदान कोणाला मिळते हा दुसरा. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे आहेत. मुंबई त्यांचे पाणी पिते, आणि धरणाच्या कुशीतल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहतात. आरोग्याचेही काहीसे असेच आहे. हृदयाचा एमआरआय नीट काढायला यंत्रासोबत वेगळी प्रणाली आणि ते वाचणारा प्रशिक्षित डॉक्टर लागतो, आणि हे सगळे मुंबईसारख्या शहरात एकवटलेले आहे. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडून किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाकडून त्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पण तिथून मुंबईपर्यंतचा रस्ता तरी मोकळा असायला हवा. शहापूरकराला आसनगावहून लोकल मिळते, मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीने कल्याण, तिथून गाडी, मग रांग. रोजंदारीवरच्या माणसाची त्यात दोन-तीन दिवसांची मजुरी जाते, सोबत येणाऱ्याची वेगळी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीसारखे उपचार बसतात, ही मोठीच सोय आहे. मात्र योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. "आधी कारण शोधा" यासाठी लागणाऱ्या तपासण्यांचा खर्च बऱ्याचदा घरच्यांच्या खिशावर पडतो. मग ज्या उपचाराला पैसे मिळतात तो होतो, आणि ज्या प्रश्नाला पैसे मिळत नाहीत तो विचारलाच जात नाही. यात कोणा एका डॉक्टरचा दोष नाही, रचनेचा आहे.

मग आपण काय करू शकतो?

प्रत्येक वस्तीत एमआरआय येणार नाही, आणि प्रत्येक रुग्णाला त्याची गरजही नसते. पण कारण शोधण्याची सवय वस्तीत आणता येते. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सुचवतो.

१. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासली जावी. हे उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंना सोबत घेऊन विहारात महिन्यातून एक दिवस ठेवता येईल. १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिराला गर्दी होते, पण रक्तदाब वर्षातून एकदा मोजून भागत नाही.

२. घरातले सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. जुना ईसीजी फेकू नका. आजचा ईसीजी जुन्याशी ताडून पाहिला तरच पुष्कळ गोष्टी कळतात.

३. रुग्णासोबत जाताना तीन प्रश्न लिहून न्या. हृदयाची ताकद किती आहे? ती कमी होण्याचे कारण काय? ते कारण पक्के करायला आणखी तपासणी लागेल का?

४. दारू, तंबाखू, जुना ताप, बाळंतपणानंतरचा दम, घरातला आजार हे डॉक्टरांपासून लपवू नका. करपा की कोरड, हे यातूनच ठरते.

५. हृदयाच्या अशक्तपणावरच्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नका. जनऔषधी केंद्रात त्यातल्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

६. एमआरआय सांगितलाच, तर पेसमेकर, शरीरात बसवलेला धातू आणि मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे आधी सांगा. मंगळसूत्र, जोडवी, ताईत, चाव्या, मोबाईल बाहेर काढून ठेवा. २०१८ साली मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाने ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. कर्मचारी म्हणाले तरी लोखंडाची वस्तू आत नेऊ नका.

आणि एक मागणी आपण एकत्र येऊन करायला हवी. कमकुवत हृदयाच्या रुग्णाला शहापूर-मुरबाडहून मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवताना ठरलेली चिठ्ठी, ठरलेला दिवस आणि कारण शोधण्याच्या तपासण्यांचा खर्च, हे तिन्ही मिळाले पाहिजे. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत, आमदारांकडे हा विषय नेता येतो. त्यासाठी मोर्चाच लागतो असे नाही. नीट लिहिलेला अर्ज आणि पाठपुरावा करणारी दोन मुले पुरेशी असतात.

खर्डीकडच्या त्या तरुणाला आम्ही तीन प्रश्न एका कागदावर लिहून दिले होते. तो वडिलांना घेऊन दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयात गेला. डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले, दारूबद्दल विचारले, औषधे बदलून दिली आणि तीन महिन्यांनी पुन्हा इको करून मग स्टेंटचे ठरवू असे सांगितले. कारण अजून पक्के झालेले नाही. वडील गोळ्या नियमित घेतात, दारू सोडली आहे, पायांची सूज उतरली आहे. पुढे काय निघेल ते पुढच्या तपासणीत कळेल. म्हैस मात्र अजून गोठ्यात आहे.